कँडी, अर्धा दिवस

आमच्या घरातून शीळफाट्याचा चौक दिसत नाही, ऐकू येतो. कल्याणकडून, पनवेलकडून, मुंब्र्याकडून आणि महापेच्या बाजूने येणारी सगळी अवजड वाहनं तिथे एकमेकांसमोर थांबतात आणि हॉर्न वाजवतात. मी महापेला कामाला आहे. संध्याकाळी परतताना कंपनीची बस चौकाच्या अलीकडे अडकली की वीस-पंचवीस मिनिटं गेलीच म्हणून समजायचं. त्या वेळात गेले तीन आठवडे मी मोबाइलवर एक पीडीएफ वाचते आहे. सहा रात्री, सात दिवस, श्रीलंका. आधी खर्चाचा कागद म्हणून वाचली. आता एखादी कथा वाचावी तशी वाचते, म्हणजे शंका घेत घेत.

जायचंय आईला. भिशीचे पैसे तिचे, मावशीचे आणि विहारातल्या दोन काकूंचे. मी सोबत, म्हणजे पासपोर्ट सांभाळणारी, फॉर्म भरणारी आणि इंग्रजी बोलणारी. टूरवाले आमच्या ओळखीतलेच आहेत. दरवर्षी बोधगया-सारनाथ करतात, आता दोन वर्षांपासून श्रीलंका. त्यांच्या पीडीएफमधला चौथा दिवस असा आहे : नाश्ता करून दंबुल्लाहून कँडीकडे प्रस्थान. वाटेत मसाल्याच्या बागेला भेट. दुपारी कँडीत आगमन. जेम म्युझियम, शॉपिंग. सायंकाळी कल्चरल शो व भगवान बुद्धांच्या पवित्र दाताचे दर्शन. मुक्काम.

या परिच्छेदात क्रियापद जवळजवळ नाहीच. प्रस्थान, आगमन, भेट, दर्शन, मुक्काम. क्रियापद नाही म्हणून कर्ताही नाही. कोण जातं, कोण बघतं, बघून त्या माणसाचं काय होतं, याला जागाच नाही. यातले निम्मे शब्द वारीचे आहेत. पालखीचं प्रस्थान होतं, पालखीचा मुक्काम असतो. वारीत त्या दोन शब्दांच्या मध्ये पंढरपूरपर्यंतचं चालणं असतं, इथे मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मी टूरवाल्यांची टिंगल करत नाहीये. चाळीस माणसांना वेळेवर जेवू घालणं मला जमणार नाही. पण ही भाषा नुसती माहिती देत नाही, आपण काय बघायचं आणि किती बघायचं हेही आधीच ठरवून टाकते. कँडीच्या वाट्याला तिने अर्धा दिवस दिलाय. त्यातही रत्नांच्या दुकानाला म्युझियम म्हटलंय.

रील्सचं वेगळं नाही. कँडीची रील्स तुम्हीही बघितली असतील. तळं, धुकं, चहाचे मळे, ट्रेनच्या दारात लोंबकळणारी मुलगी, आणि मग एक ढोल वाजवणारा, पांढरं-लाल नेसलेला, हात स्लो मोशनमध्ये. बहुतेक रील्समध्ये त्याचा ढोल ऐकूच येत नाही, वरून त्या आठवड्याचं गाणं टाकलेलं असतं. हा आवाज बंद केलेला ढोलवाला माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्याकडे नंतर येते.

हे सगळं सुरू झालं एप्रिल 2025मध्ये. 18 ते 27 एप्रिल असे दहा दिवस कँडीच्या मंदिरात बुद्धांचा दंतधातू लोकांना बघण्यासाठी उघडा ठेवला होता, तब्बल सोळा वर्षांनी. रांगांचे व्हिडिओ विहाराच्या ग्रुपवर आले. डोंगराच्या रस्त्याने पांढऱ्या कपड्यांची न संपणारी रांग. आईकडे एक पांढरी साडी आहे. बुद्धपौर्णिमा, 14 एप्रिल, 6 डिसेंबर, एवढ्याच दिवसांची. तिने तो व्हिडिओ चार-पाच वेळा बघितला आणि म्हणाली, "ही सगळी आपलीच माणसं."

त्या 'आपली'ची तपासणी करायची म्हणून मी वाचायला लागले.

पीडीएफमधली पहिली चूक सोपी होती. एरवी तिथे दात दिसतच नाही. दिवसातून तीनदा पूजा होते, पहाटे, सकाळी आणि संध्याकाळी. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या गाभाऱ्याचं दार उघडतं, रांग पुढे सरकते, आणि काही क्षण स्तूपाच्या आकाराची सोन्याची पेटी दिसते. आत एकात एक आणखी पेट्या, सर्वांत आत दात. पेटीला सिंहलीत 'करंडुव' म्हणतात. आपल्या करंड्याचंच भावंड. मी आईला सांगितलं, दात दिसणार नाही, करंडा दिसेल. ती म्हणाली, "आपल्या विहारातल्या मूर्तीत तरी बुद्ध दिसतो का? मूर्तीच दिसते ना?" मी गप्प बसले.

कँडी म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरचं, डोंगरांनी वेढलेलं गाव. सिंहलीत महनुवर, म्हणजे महानगर. पोर्तुगीज आले, डच आले, किनारा त्यांच्याकडे गेला, पण हे डोंगरातलं राज्य 1815पर्यंत टिकलं. मधलं तळंही नैसर्गिक नाही. शेवटच्या राजाने, श्री विक्रम राजसिंहाने, ते 1807 साली बांधून घेतलं आणि आठ वर्षांत राज्य इंग्रजांना गेलं. तो मेला वेल्लोरच्या कैदेत, आपल्या देशात.

या राज्याबद्दलचं एक जुनं आणि नावाजलेलं पुस्तक एका कैद्याचं आहे. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी राजाच्या माणसांनी पकडला आणि तो एकोणीस वर्षं तिथे अडकून पडला. 1679मध्ये पळाला, 1681मध्ये लंडनला त्याचं पुस्तक आलं. 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिताना डीफोने त्यातून बरंच घेतलं असं मानतात. नॉक्सला बघायची हौस नव्हती, जगायचं होतं. म्हणून त्याने भातशेती लिहिली, खाणंपिणं लिहिलं, आणि जातींची उतरंड लिहिली, कोणी काय नेसायचं आणि कोणी कोणाबरोबर जेवायचं नाही इथपर्यंत. पीडीएफच्या अर्ध्या दिवसाला जे दिसणार नाही ते कैद्याला दिसलं. सक्तीच्या मुक्कामाचा एवढा एक फायदा.

दाताची गोष्ट आपल्याकडूनही जाते. परंपरा सांगते की कलिंगच्या राजकन्येने, हेममालेने, तो केसांत लपवून लंकेला नेला. पुढे 1560 साली पोर्तुगीजांनी जाफन्यावर स्वारी केली, तेव्हा त्यांच्या हाती एक दात लागला. तो त्यांनी गोव्याला आणला. पेगूचा राजा त्याच्यासाठी अमाप पैसा द्यायला तयार होता, पण चर्चने ऐकलं नाही. गोव्यात सगळ्यांसमक्ष तो खलबत्त्यात कुटला, जाळला, राख नदीत टाकली. सिंहली लोक म्हणतात, ती नक्कल होती, खरा आमच्याकडेच राहिला. इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत. मला त्यातला खलबत्ता विसरता येत नाही.

त्याच गोव्यातून साडेतीनशे वर्षांनी एक माणूस उलट्या दिशेने निघाला. धर्मानंद कोसंबी. साखवाळचे. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातला बुद्धावरचा लेख त्यांच्या हाती पडला आणि डोक्यातून गेला नाही. 1899मध्ये त्यांनी घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी. बौद्ध धर्म शिकायला नेपाळला गेले आणि तिथली अवस्था बघून निराश झाले. मग बोधगया, आणि तिथून 1902मध्ये श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल स्थविरांकडे पाली शिकले, श्रामणेर झाले. हे सगळं 'निवेदन' या त्यांच्या आत्मचरित्रात आहे. मराठीतल्या प्रवासलेखनाच्या याद्यांमध्ये हे पुस्तक सहसा नसतं, कारण ते 'प्रवासवर्णन' नाही. माझ्या मते आपल्या भाषेतलं ते फार मोठं प्रवासवर्णन आहे. त्यात निसर्ग कमी, पैशांची चणचण जास्त. पुढचा मुक्काम कुठे, हे आधीच्या मुक्कामावर भेटलेल्या माणसाने सांगितल्यावरच कळतं. आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न : इथे कोणी शिकवेल का? पीडीएफमध्ये एक ओळ अशी असती तर मी तिला साहित्य म्हटलं असतं.

पण आमच्या घरात कोसंबींचा फोटो नाही. बाबासाहेबांचा आहे. आणि बाबासाहेबही त्या बेटावर गेले होते, हे आईला माझ्या आधीपासून माहीत होतं.

मे 1950. जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेची, म्हणजे वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्सची, स्थापना श्रीलंकेत झाली. उद्घाटन कँडीच्या दंतमंदिरातच झालं. देशाचे कायदामंत्री असलेले बाबासाहेब त्या परिषदेच्या निमित्ताने तिकडे गेले. कशासाठी, तर बौद्धांचे विधी-संस्कार बघायला, आणि धम्म तिथे कितपत जिवंत आहे ते तपासायला, हे त्यांनी स्वतः सांगितलं. हे वाचलं तेव्हा बस चौकात उभी होती आणि मी ते पुन्हा वाचलं. दर्शनाला नाही, तपासायला. त्याच महिन्यात महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावरचा लेख आला होता. त्यात भिक्खू संघावर त्यांनी जी टीका केलीय ती मवाळ नाही. बहुसंख्य भिक्खू हे नुसते साधू झालेत, त्यांच्याकडे ना विद्या ना सेवा, असा तिचा आशय आहे. सध्या आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रास्ताविकात तोच प्रश्न परत येतो : भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस, की समाजाचा सेवक? माझ्या वाचनाच्या पाळीला मी ते पान वाचलं होतं, पण माईकवर, उच्चार चुकणार नाहीत ना या काळजीत. अर्थाकडे लक्ष नव्हतं.

आता कँडीच्या भिक्खूंविषयी. अठराव्या शतकाच्या मध्यावर लंकेत उपसंपदा देऊ शकणारे भिक्खूच उरले नव्हते. राजा कीर्ती श्री राजसिंहाने सयामहून, आजच्या थायलंडहून, उपाली थेरांना बोलावलं आणि 1753मध्ये कँडीत उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू झाली. हा सियाम निकाय. त्याच्या मल्वत्ते आणि अस्गिरिय या दोन कँडीतल्या शाखा, आणि दंतधातूची राखण त्यांच्याकडे. यातली गंमत अशी की हा राजा मदुरैकडच्या नायक्कर घराण्यातला, म्हणजे दक्षिण भारतीय, शैव वळणाच्या घरातला. सिंहली बौद्ध अभिमानाचं शिखर बांधलं ते एका परक्याने.

आणि गंमत नसलेला भाग असा की थोड्याच वर्षांत नियम झाला : उपसंपदा फक्त गोविगम जातीच्या पुरुषांना. गोविगम म्हणजे शेती कसणारे, तिथली वरची आणि संख्येनेही सर्वांत मोठी जात. बाकीच्यांना दार बंद. किनाऱ्यावरच्या सलागमांनी, ज्यांचं काम दालचिनी सोलणं, हे मानलं नाही. त्यांचे लोक समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपूरला गेले, तिथे दीक्षा घेतली आणि 1803मध्ये परत येऊन आपला निकाय उभा केला. अमरपूर निकाय. ही गोष्ट पीडीएफमध्ये का नाही, असं मी विचारणार नाही. पण ती आपल्याकडे, बुद्ध-आंबेडकरी घरांमध्ये, का नाही? पाण्यासाठी, देवळासाठी लढलेल्यांच्या नातवंडांना दालचिनी सोलणाऱ्यांचं हे समुद्र ओलांडणं वाचून परकं वाटेल का? सियाम निकायाच्या कँडीच्या शाखांमध्ये जातीचं बंधन आजही सुटलेलं नाही.

आता तो ढोलवाला. संध्याकाळच्या पूजेला खालच्या मंडपात ढोल वाजतात आणि वरच्या मजल्यावर पेटीचं दार उघडतं. वाजवणारे परंपरेने बेरव जातीचे. बेरय म्हणजे ढोल. ऑगस्टच्या आसपास जो पेरहेर निघतो, हत्ती, मशाली, चाबूक, नर्तक, त्यात प्रत्येक रांग कुठल्या ना कुठल्या जातीची सेवा आहे. हत्तीच्या पायाखाली पायघड्या घालणारेही वेगळे आणि ठरलेले. मंदिराची जमीन कसायची, बदल्यात मंदिराचं ठरलेलं काम करायचं, बापाने केलं ते मुलाने. एच. एल. सेनेविरत्ने यांनी याच विषयावर 'रिच्युअल्स ऑफ द कँडियन स्टेट' लिहिलं, मिरवणूक म्हणजे राज्याचा नकाशा कसा असतो ते दाखवणारं. ते 1978 साली आलं. त्याच साली मराठीत दया पवारांचं 'बलुतं' आलं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की कँडीचा पेरहेर मला 'कल्चरल' दिसत नाही. मला गावकी दिसते. कोणी वाजवायचं, कोणी उचलायचं, कोणी पुढे चालायचं.

आईचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत डफडं वाजवायचे. देवळाबाहेर. 1956नंतर त्यांनी ते सोडलं. मेलेली ढोरं ओढणंही सोडलं, आणि गावाने जे करायचं ते केलं. ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाने सांगतात. आता त्याच आप्पांची मुलगी पांढरी साडी नेसून, भिशीचे पैसे मोडून, बुद्धाच्या दाताला जाणार आणि तिच्या स्वागताला ढोल वाजवणार तो कोणाचा तरी आप्पाच असणार. हे मला सोसत नव्हतं. एक रात्र तर मी ठरवलं होतं की टूरच रद्द करू. बाबासाहेबांनी आपल्याला वाद्य खाली ठेवायला लावलं, आणि आपण तिकीट काढून ते ऐकायला जायचं?

पण ही मांडणी फार सोयीची आहे, हे सकाळी बसमध्ये लक्षात आलं. एकतर कँडीचा ढोल आणि नाच आज तिथल्या शाळा-विद्यापीठांत शिकवतात. वाजवणाऱ्यांची पोरं कलावंत म्हणून जग फिरली. सगळेच जमिनीला बांधलेले राहिले नाहीत. दुसरं, तिथला धम्म आणि आपला धम्म उलट्या जागी उभे आहेत. तिथे तो बहुसंख्याकांचा, राज्यघटनेने अग्रस्थान दिलेला. 1972च्या घटनेत ते आलं, 1978च्या घटनेत राहिलं. त्या अग्रस्थानाची किंमत तमिळांनी मोजली आणि जानेवारी 1998मध्ये वाघांनी ट्रकबाँब उडवला तो याच मंदिराच्या दारात. म्हणून आत जाताना आजही झडती होते. आपल्याकडे तो बाहेर पडलेल्यांचा धर्म आहे. पांढरा रंग तोच, अर्थ वेगळा. आईचं 'आपलीच माणसं' हे त्यामुळे खोटं ठरत नाही, पण अर्धंच राहतं.

आणि तिसरं, जे लिहायला मला जड जातं. आमच्या विहारात वर्षावासाला कोण बसतं? एकाच जातीतून आलेली माणसं. वस्तीत मातंगांची घरं आहेत, चर्मकारांची आहेत, त्यांना आम्ही पत्रिका देतो का? लग्न जमवताना पोटजात विचारणारी मावशी माझीच आहे. मल्वत्ते-अस्गिरियने नियम लिहून ठेवला, आम्ही लिहिला नाही, एवढा फरक. कँडीवर समीक्षा करायला मी मोकळी आहे, पण शीळफाट्यावरून करताना आवाज जरा खाली ठेवते.

हे सगळं मी एका रविवारी आईला सांगितलं. निकाय, गोविगम, ढोल, सगळं. ती मेथी निवडत होती. पहिल्यांदा म्हणाली, "दात बुद्धाचा आहे ना? भिक्खूंचा नाही ना?" मग बराच वेळ काही नाही. मग विचारलं, "बाबासाहेबांना हे कळलं असेल?" मी म्हटलं, ते तपासायलाच गेले होते. कोलंबोच्या भाषणात त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना धम्म स्वीकारा म्हणून आवाहनही केलं होतं, आणि तिथल्या बौद्धांना, यांना सांभाळा म्हणून. सांभाळा असं सांगावं लागतं, यातच काय ते आलं. आईने मान हलवली. म्हणाली, "मग आपणही तपासू की. घरी बसून काय तपासणार?"

मग मोबाइल मागितला. मी तिला एक व्हिडिओ लावून दिला, गाणं न टाकलेला, संध्याकाळच्या पूजेचा, खालच्या मंडपातला. तिने आवाज पूर्ण वाढवला. बाहेर चौकातले हॉर्न आणि आत ढोल. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "आप्पा फार छान वाजवायचे. सोडलं ते बरंच केलं. पण वाजवायचे छान."

मी टूरवाल्यांना मेसेज केला. कँडीत एक मुक्काम वाढवा, जेम म्युझियम काढलं तरी चालेल, मसाल्याची बाग काढली तरी चालेल. संध्याकाळची पूजा आम्हाला दोनदा बघायचीय. आणि शक्य असेल तर मंदिरात ढोल वाजवणाऱ्यांपैकी कोणाशी तरी अर्धा तास बोलायचंय, दुभाषा लागला तर त्याचे पैसे देऊ.

उत्तर दुसऱ्या दिवशी बस चौकात असताना आलं. "जय भीम ताई. एक्स्ट्रा नाइट होईल, रेट कळवतो. ढोलवाले कल्चरल शोमध्ये येतात, शो संपल्यावर फोटो काढता येतो. बोलायचं काय आहे ते कळलं तर तसं विचारून ठेवतो."

काय बोलायचंय ते लिहायला घेतलं. तीन वेळा खोडलं. सिग्नल सुटला.